चिठ्ठीशिवाय

पंचवटीत, मालेगाव स्टँडच्या उतारावर आमचं मेडिकल.
मालक बागूल अण्णा,
चौकटीतला नोंदणीचा कागद मात्र माझ्या नावाचा.
घटस्थापनेच्या आधीच्या आठवड्यात
त्या गोळ्यांचा खोका मी हाताशी ओढून ठेवते,
खोकल्याच्या औषधाच्याही अलीकडे.

नाव कुणी घेत नाही.
"ते... पुढे ढकलायचं द्या."
जणू परीक्षा आहे, किंवा साखरपुडा.
नवरे येतात, हेल्मेट न काढता.
सासवा थेट विचारतात,
दसऱ्यापर्यंत किती पुरतील?
मी वर्तमानपत्रात गुंडाळून देते.
बिलावर लिहिते: इतर.

कोठावद्यांची ऋजुता तीन वर्षं यायची.
महालक्ष्म्या, मग नवरात्र,
मग दिरानं बोललेला सत्यनारायण,
मग वणीचा गड, कारण गाडी त्याच रविवारी मिळाली.
"एकदा चुकलं होतं हो," ती म्हणाली,
"सवाष्णी पानावर बसलेल्या, आणि मी अचानक बाजूला.
सासूबाई रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं.
एवढंच म्हणाल्या, देवीलाच तू नको असशील."
पुढे सासऱ्यांना झटका आला,
धाकट्याचं दुकान बसलं,
आणि दर वेळी घरातलं कुणीतरी
गुपचूप कॅलेंडरकडे बघायचं.

मी विचारायला हवं होतं,
डोकं दुखतं का, पाय जड होतो का.
शिकवलं होतं आम्हाला.
मी विचारलं, सुटे आहेत का.

त्याच वर्षी श्रावणात गोदेला पूर होता.
गुडघ्याचं मलम न्यायला आलेले गुरुजी सांगत होते,
पावसाळ्यात नद्या विटाळशी होतात,
तसं पोथीतच आहे,
मोठ्या नद्यांना मात्र सूट.
बाहेर तांबडं, गढूळ पाणी
दुतोंड्या मारुतीच्या कमरेला लागलं, मग छातीला.
काठावरच्या देवळांत शिरलं, पिंडीवरून गेलं.
कितवा दिवस, कुणी विचारलं नाही.
पुलावरून बायकांनी ओट्या सोडल्या.
ओसरल्यावर गाळ उपसला, पूजा पुन्हा सुरू.
मी मलमाचे एकशे चाळीस घेतले.

कार्तिकात ऋजुताचा नवरा आला.
या वेळी चिठ्ठी होती,
गंगापूर रोडच्या हॉस्पिटलची, शिक्का, सही, सगळं.
रक्त पातळ करायची इंजेक्शनं,
पोटात टोचायची, सकाळ-संध्याकाळ.
"पोटरीत गाठ झाली. फुप्फुसापर्यंत गेली होती."
मग काचेवर बोट फिरवत,
"आई म्हणते, देवीचं काहीतरी राहून गेलं असणार."

मी दहा मोजली. पुन्हा मोजली.
या बिलावर औषधाचं नाव पूर्ण लिहिलं.

आता मी चिठ्ठी मागते.
"चिठ्ठी कशाला? आजारी थोडीच आहे कुणी?"
म्हणतात, आणि समोरच्या दुकानात जातात.
तिथे मिळतात. मला दिसतं इथून.
अण्णा म्हणतात, ताई, सणाचे दिवस आहेत.

परवा एक मुलगी आली आईबरोबर, दहावीतली.
नाही म्हटल्यावर आई पुटपुटत पायऱ्या उतरली.
मुलगी मागे रेंगाळली,
पाच रुपयांचं चॉकलेट घेतलं, दहाची नोट ठेवली,
सुटे नकोत म्हणाली, आणि पळाली.

सकाळी शटर मीच वर करते.
गल्ल्याशेजारी लक्ष्मीचा फोटो आहे,
तिला हार, उदबत्ती, माझ्याच हातची.
अठरा वर्षं. महिन्याचे सगळे दिवस.
अण्णा विचारत नाहीत, गल्ला भरतो.
लक्ष्मीही कधी फोटोतून उठून गेली नाही.

ऋजुता अजून जिना चढत नाही म्हणतात.
एवढं तिला सांगायचं
माझ्याकडूनच राहून गेलं.